दिशेचा गुण आणि अतिसंवाहक स्फटिक

लाकडाचा ओंडका तंतूंच्या दिशेने सहज फाटतो. आडवा फोडू गेल्यास कुऱ्हाड अडते. पदार्थ एकच, परंतु दिशा बदलताच त्याचा गुण बदलतो. अनेक स्फटिकांच्या बाबतीतही असेच घडते. अशा पदार्थांना विषमदिक् पदार्थ म्हणतात.

स्फटिकांचे चुंबकीय गुण दिशेनुसार कसे बदलतात, याचे सूक्ष्म मापन नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक डॉ. के. एस. कृष्णन यांनी केले होते. १९३० नंतरच्या दशकात, ढाका व कलकत्ता येथे असताना, त्यांनी सहकाऱ्यांसह हे कार्य केले. क्वार्ट्‌झच्या अतिबारीक धाग्याला टांगलेला स्फटिक चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवला, की क्षेत्र त्याला एका विशिष्ट स्थितीकडे वळवू पाहते. धाग्याला पीळ देऊन या वळणाचा जोर मोजतात व त्यावरून दोन दिशांच्या गुणांतील फरक काढतात.

पीळ मोजण्याचे हेच तत्त्व पुढे अतिसंवाहकांच्या अभ्यासातही उपयोगी पडले. इट्रियम, बेरियम, तांबे व ऑक्सिजन यांचे संयुग सुमारे ९२ केल्विनखाली अतिसंवाहक बनते, हे १९८७ मध्ये आढळून आले. त्यातील तांबे व ऑक्सिजन यांचे थर पुस्तकाच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेले असतात. विद्युत् प्रवाह थरातून सुलभतेने वाहतो. एका थरातून दुसऱ्यात जाणे त्याला कठीण पडते.

अतिसंवाहक बाह्य चुंबकीय क्षेत्राला विरोध करतो, तो स्वतःत उत्पन्न होणाऱ्या प्रवाहांच्या बळावर. हे प्रवाह मुख्यत्वे थरांतच फिरत असल्यामुळे, क्षेत्र तिरपे असले तरी स्फटिकाचे चुंबकन थरांच्या लंब दिशेकडे झुकते. क्षेत्र व चुंबकन एका रेषेत राहत नाहीत. म्हणून स्फटिकाला पीळ बसतो आणि तो आपले थर क्षेत्राला समांतर आणू पाहतो. अतिसंवाहकता नष्ट करण्यासाठी समांतर क्षेत्र लंब क्षेत्राच्या सुमारे पाच ते सात पट प्रबळ असावे लागते. बिस्मथयुक्त संयुगांत हे प्रमाण याहूनही पुष्कळ मोठे आहे.

या भेदाला व्यवहारातही महत्त्व आहे. अशा संयुगांच्या चपट्या पट्ट्या गुंडाळून प्रबळ चुंबकांची वेटोळी बनवितात. वेटोळ्याच्या मध्यभागी क्षेत्र पट्टीला समांतर असते. टोकांशी मात्र ते वळते आणि त्याचा काही अंश पट्टीच्या पृष्ठावर लंब पडतो. तेथेच पट्टीची प्रवाह वाहण्याची क्षमता प्रथम खालावते. सबंध वेटोळ्यातून किती प्रवाह सोडता येईल, हे बहुधा या टोकांवरूनच ठरवावे लागते.