डोळा पांढरा दिसला तरी

चि. सौ. मृणाल,

सईच्या गुडघ्याची सूज उतरली, पोर पुन्हा जिने चढायला लागली, मग दर तीन महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कशाला, हा तुझा प्रश्न वाजवी आहे. डोळा लाल नाही, पाणी गळत नाही, भिंतीवरची पाल तिला लांबून दिसते. पण बालसंधिवातात नेमकं याच खुणांवर विसंबून चालत नाही. मोठ्यांना मणक्याचा संधिवात असला की डोळ्याची सूज बहुधा वाजतगाजत येते: डोळा लालबुंद, ठणका, उजेड सोसवत नाही, रोगी आपणहून दवाखाना गाठतो. सईसारख्या मोजके सांधे धरलेल्या लहान मुलांत हीच सूज, युव्हिआयटिस, गुपचूप येते. डोळा पांढरा राहतो, मूल कुरकुरत नाही, आणि एक डोळा अधू झाला तरी दुसऱ्यावर त्याचं निभून जातं. शाळेत अक्षरं वाचून घेतात ती नजरेची परीक्षा. सूज तिथे सापडत नाही.

ती सापडते स्लिट लॅम्पच्या अरुंद झोतात. बुबुळापुढचं पाणी नितळ हवं. सूज असली की त्यात पेशी कवडशातल्या धुळीसारख्या तरंगतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं तर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते, पुढच्या पारदर्शक पडद्यावर कॅल्शियमचा पट्टा साचतो, मोतीबिंदू किंवा काचबिंदू होऊ शकतो. बाहुली वेडीवाकडी झालेली आईच्या लक्षात येईपर्यंत बराच काळ हातचा गेलेला असतो. गुडघा बरा म्हणून डोळाही बरा, असंही नाही. ही दोन दुखणी एका तालावर चालत नाहीत. काही मुलांत तर डोळा सांध्यांच्या आधी धरतो. आजार सातव्या वर्षाआधी सुरू झालेला, रक्तातली एएनए चाचणी पॉझिटिव्ह, आणि अजून चार वर्षं उलटलेली नाहीत, अशा मुलांना अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शनात तीन महिन्यांचं अंतर सांगितलं आहे ते यामुळेच. सई या तिन्हींत बसते.

रजा, रिक्षा, रांग हा जाच खराच, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. सूज निघाली तर घालाव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या थेंबांची तुझी धास्तीही खोटी नाही: ते फार दिवस घातले तर मोतीबिंदू होऊ शकतो, डोळ्यातला दाब चढू शकतो. पण हा मुद्दा तपासणीच्याच बाजूने जातो. सूज लवकर हाती लागली तर थोड्या थेंबांत भागण्याची शक्यता जास्त, आणि दाब वाढतोय हेही तपासल्याशिवाय कळायचं नाही. थेंब सुटतच नाहीत असं दिसलं तर मेथोट्रेक्सेट आहे, त्यानेही भागलं नाही तर अ‍ॅडॅलिम्युमॅबची इंजेक्शनं आहेत. ब्रिटनमधल्या सिकॅमोर चाचणीत (२०१७) मेथोट्रेक्सेटला त्यांची जोड दिल्यावर उपचार निष्फळ ठरण्याचं प्रमाण बरंच घटलं. औषध महाग, आणि आपल्याकडे ते सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी चुकवून चालत नाही.

पुढच्या खेपेला पेशींची ग्रेड आणि डोळ्याचा दाब, दोन्ही फाइलवर लिहून घे. पुढे कधी तिला मेथोट्रेक्सेट सुरू झालं आणि सांधे दुखत नाहीत म्हणून ते कुणी बंद करायला निघालं, तर आधी ते पान त्यांच्यापुढे ठेव.

तुझी,
मावशी