चला, इराण्याच्या हॉटेलात!

(मित्रांनी मिळून हॉटेलात खायला जाणे ही साधी गोष्ट आहे, पण तिचीही तयारी करावी लागते. ती कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे.)

समजा, तुमची परीक्षा संपली आहे. तुम्ही चौघे मित्र मुंबईत राहता. एकत्र बसून काहीतरी खावे, गप्पा माराव्यात, असे तुम्हां सर्वांना वाटते. मग कोठे जावे? घराजवळच्या एखाद्या इराण्याच्या हॉटेलात जा!

ही हॉटेले मुंबईची जुनी ओळख आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीस इराणमधील यझ्द आणि आसपासच्या भागांतून अनेक कुटुंबे मुंबईत आली. त्यांत जरथुस्त्री होते, तसेच मुसलमानही होते. त्यांनी चहाची हॉटेले काढली. धोबी तलावाजवळील कयानी हे हॉटेल 1904 सालचे, तर बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया हे 1923 सालचे. संगमरवरी टेबले, गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या आणि भिंतीवरचे मोठे आरसे ही त्यांची खूण. काही हॉटेलांत 'हे करू नका, ते करू नका' अशा सूचनांच्या पाट्याही असत. या पाट्यांवरून मुंबईचे कवी निसीम इझिकेल यांनी इंग्रजीत एक कविता लिहिली आहे. आता इराणी हॉटेले फार थोडी उरली आहेत.

हॉटेल ठरले. आता दिवस ठरवा. रमजानमध्ये तुमचे रोजे असतील, श्रावणात एखाद्या मित्राचा उपवास असेल. सर्वांना सोयीचा दिवस निवडा. वेळही आधी विचारून घ्या. काही हॉटेले फक्त दुपारीच उघडी असतात.

त्यानंतर कोणाला काय चालते, ते पाहा. एक मित्र मांस खात नाही. दुसऱ्याला अंडेही चालत नाही. तिसरा हलाल असेल तरच मांस खातो. इराण्याकडे खिमा पाव आणि ऑम्लेट मिळते, तसाच बन मस्का आणि ब्रून मस्काही मिळतो. ब्रून म्हणजे वरून कडक भाजलेला पाव. तो चहात बुडवून खातात. टेबलावर प्रत्येकाला खाता येईल असा एक तरी पदार्थ हवा. शंका आली तर संकोच करू नका. "काका, खिमा हलाल आहे का?" "केकमध्ये अंडे आहे का?" असे सरळ विचारा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे पैसे. तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. सर्वजण खात असतात आणि एखादा मित्र म्हणतो, "मला भूक नाही. तुम्ही खा." त्याला खरोखरच भूक नसते का? पुष्कळदा भूक असते, पण खिशात पैसे नसतात. तो हे बोलून दाखवत नाही. समोर पाण्याचा पेला घेऊन तो हसत बसतो. अशा वेळी आपल्या घशाखाली घास कसा उतरेल?

म्हणून बेत ठरवताना ज्याच्याजवळ सर्वांत कमी पैसे आहेत, त्याच्यापासून हिशेब सुरू करा. समजा, तिघांजवळ शंभर-शंभर रुपये आहेत आणि एकाजवळ साठच आहेत. मग प्रत्येकाने साठच रुपये काढावेत. एकूण 240 रुपये जमतील. आता दर असे धरा: चहा 30 रुपये आणि ब्रून मस्का 40 रुपये. चार चहाचे 120 रुपये झाले. दोन ब्रून मस्का चौघांत वाटून घेतले, त्यांचे 80 रुपये. एकूण 200. त्यावर 5 टक्के कर, म्हणजे 10 रुपये. बिल झाले 210 रुपये. उरलेल्या तीसांतून दहा रुपये वेटरला बक्षीस द्या. बाकीच्या वीसांतले पाच-पाच रुपये प्रत्येकाला परत मिळतील.

या बेतात खिमा पाव नाही, हे खरे. तो पुढच्या खेपेला खाता येईल. पण कोणालाही खोटे बोलावे लागले नाही आणि कोणाला कोणाचे उपकार घ्यावे लागले नाहीत.

हॉटेलात गेल्यावर दरपत्रक वाचा आणि मगच मागणी करा. "काका, चार चहा आणि दोन ब्रून मस्का द्या. साखर कमी घाला," असे नम्रपणे सांगा. वेटर वयाने मोठा असेल, तर त्याला 'अहो' म्हणा. हाक मारण्यासाठी टाळ्या किंवा चुटक्या वाजवू नका. तोही दिवसभर उभा राहून कष्ट करतो. जेवढे संपेल तेवढेच मागवा. बाहेर लोक जागेसाठी उभे असतील, तर खाऊन झाल्यावर टेबल अडवून बसू नका.

पुष्कळ इराणी हॉटेलांत पैसे गल्ल्यावर द्यायचे असतात. बिल नीट तपासा. मागवले तेवढेच पदार्थ लिहिले आहेत ना, बेरीज बरोबर आहे ना, ते पाहा. बिलावर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असावा लागतो. लहान हॉटेलांत कधी कर लावलेला नसतो. मोठ्या हॉटेलांत कधी कधी सेवा शुल्क लावतात. त्याची सक्ती करता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये स्पष्ट केले. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते मान्य केले. चूक आढळली, तर भांडू नका. "शेठ, जरा हिशेब पुन्हा बघता का?" एवढे म्हटले तरी पुरते.

आणि एक गंमत! या हॉटेलात मराठी बोलणे तुम्हांला मुळीच जड जाणार नाही. तुमची 'कुर्सी' म्हणजे मराठीतील खुर्ची. 'हिसाब' म्हणजे हिशेब, 'कीमा' म्हणजे खिमा. 'बाकी' तर दोन्ही भाषांत बाकीच! 'मस्का' हा फारसी शब्द मुंबईत सगळेच वापरतात. टेबल एक असले, की माणसांप्रमाणे शब्दही शेजारी शेजारी बसतात.

शब्दार्थ
बेत – योजना. संकोच – लाज वाटून मागे राहणे. गल्ला – हॉटेलात पैसे घेण्याची जागा. सक्ती – जबरदस्ती. खेप – वेळ.

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इराणी कुटुंबे कोणत्या भागातून मुंबईत आली?
(आ) ब्रून म्हणजे काय?
2. मित्र "मला भूक नाही" असे का म्हणतो? तुमच्या शब्दांत सांगा.
3. तुम्ही पाच मित्र आहात. सर्वांत कमी पैसे असलेल्याजवळ 50 रुपये आहेत. पाठातील दर धरून बेत तयार करा.
4. वेटर आणि तुम्ही यांच्यातील संवाद पाच-सहा वाक्यांत लिहा.
5. उर्दू आणि मराठीत सारखे असणारे आणखी पाच शब्द शोधा.