विंगेतून सांगते, पोरी

पोरी, बीडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात उभी राहा नाहीतर पारासमोरच्या फळ्यांवर, पोटातला गोळा तेवढाच असतो. म्हणून आधी हे ऐक.

१. संहिता स्वतःच्या हातानं उतरवून काढ — ऐन प्रयोगात डोकं थांबलं, तर हाताला वाक्य आठवतं.

२. तुझं 'काय करायलीस' घासून पुसू नकोस, प्रमाण बोली शीक ती पात्रापुरती — लक्ष्मण देशपांड्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधली बावन्न पात्रं मराठवाडी बोलीवरच उभी आहेत, आणि ती पुढं रंगवणारा संदीप पाठक आपल्या माजलगावचाच.

३. आपली प्रॉपर्टी आपणच मोजायची, दोनदा. एका गावात मला पत्र वाचायचं होतं, कनवटीला हात घातला तर पत्रच नाही. पदराचं टोक उलगडलं आणि त्यावरच वाचत सुटले. पुढ्यात बसलेली आजी मोठ्यानं म्हणाली, "बाई, कागद हरवला का गं?" — तालमीत ज्याची गाठ मारली नाही, ते प्रयोगात सुटतं.

४. पिशवीत पिना, काळा दोरा आणि बांगड्यांचा जादा जोड असू दे — छोट्या संस्थेत कपडेपट म्हणजे तूच.

५. दसरा-दिवाळीनंतर खेड्यात प्रयोग धरायचा, तर आधी विचारून घे — अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेलं असतं. माणसं परतली की यात्रेच्या दिवसांत जा, बसायला जागा पुरणार नाही.

६. मानधन आणि गाडीभाडं पहिल्या तालमीलाच बोल. लोक चांगलेच असतात गं, पण पडदा पडला की हिशेबाला झोप येते.

७. सासूबाईंना एकदा तालमीला घेऊन जा, चहा पाज, बसव — न बघितलेल्या गोष्टीचीच धास्ती जास्त. शेवटच्या एसटीची वेळही त्यांना सांगून ठेव.

८. कुणी भूमिका देईल म्हणून वाट बघत बसू नकोस, साध्या लुगड्यात आणि शाळेच्या वर्गात होईल असं एकपात्री तयार ठेव — सुषमा देशपांड्यांनी १९८९ मध्ये 'व्हय मी सावित्रीबाई' उभं केलं आणि एकटीच्या बळावर गावोगाव नेलं.

९. प्रयोगाआधी थंड सोडा नको.

१०. बोलायचं ते शेवटच्या रांगेसाठी — भाकरी थापून, लेकरांना जेवू घालून उशिरा आलेल्या बाया तिथंच भिंतीला टेकून उभ्या असतात.