चाल आणि अक्षर

गेल्या दत्तजयंतीच्या सप्ताहात माझा सात वर्षांचा नातू शेजारी मांडी घालून टाळ वाजवत मोठ्याने म्हणत होता, ‘दिगंब्रा, दिगंब्रा!’ मी हटकलं तर म्हणाला, “आजोबा, तुम्हीच असं म्हणता की!” चाळीस वर्षं रोज अकरा माळा ओढणारा मी गप्पच बसलो. पोर माझंच ऐकून शिकलं होतं.

तेव्हापासून मंत्राच्या चालीवर विचार केला. जे उमगलं ते मांडतो.

वेदमंत्रांची चाल आपल्या हाती नाही. उदात्त, अनुदात्त, स्वरित हे स्वर ठरलेले आहेत. रुद्राची सस्वर पोथी पाहा. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे अनुदात्त, तिथे आवाज खाली. डोक्यावर उभी रेघ म्हणजे स्वरित. उदात्ताला खूणच नसते. गुरुजींचा आवाज चढतो-उतरतो तो या रेघांच्या आज्ञेने. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र मागितला, पण ‘इंद्रशत्रु’ शब्दाचा स्वर चुकला आणि इंद्रच त्या पुत्राचा काळ ठरला, ही कथा प्रसिद्धच आहे. म्हणून रुद्र गुरुमुखातूनच शिकावा, मोबाइलवर ऐकून नव्हे.

नामाचं तसं नाही. प. पू. टेंबे स्वामींनी आपल्याला दिलेला अठरा अक्षरी दिगंबरा मंत्र पालखीपुढे टाळ-मृदंगावर चढत्या लयीत म्हणतात, आरतीनंतर संथ म्हणतात, घरी देवापुढे तिसऱ्याच चालीत म्हणतात. सगळं चालतं. अट एकच, अक्षर गळता कामा नये. बोटांवर मोजा: चार, चार, तीन, तीन, चार, मिळून अठरा. लय वाढली की ‘ब’चा अकार गिळला जातो, आणि तो शब्द मंत्रात तीनदा येतो. म्हणजे अठराची उरली पंधरा! इतकी वर्षं मी पंधरा अक्षरांचाच जप मोजत आलो.

पाणिनीय शिक्षेत सदोष पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतले पहिले दोन म्हणजे गाणं करून म्हणणारा आणि घाईने म्हणणारा. तो नियम वेदपाठाचा खरा, पण मला तो दोन्हीकडून लागू पडला.

आमच्या मंदिरातल्या वृद्ध गुरुजींना विचारलं, “सावकाश म्हटलं तर अकरा माळा होत नाहीत. नेम मोडला तर?” ते म्हणाले, “महाराजांना मणी मोजून द्यायचेत की नाव घ्यायचंय?”

आता पाचच माळा करतो. आपल्याला सहज लागेल तो एक सूर धरायचा, शेवटच्या ‘रा’वर किंचित खाली यायचं, एका श्वासात एक मंत्र. पहिली माळ मोठ्याने, म्हणजे वाचिक, तिथे कान चूक पकडतो. मग उपांशु, नुसते ओठ हलतात. शेवटची मानस. तिथे चाल आपोआप गळते, अक्षरं तेवढी उरतात. चाल ही मन जाग्यावर आणणारी काठी आहे. देवापाशी पोचल्यावर काठी बाजूला ठेवायची.

नातू आता अठराही अक्षरं नीट म्हणतो. माझी घाई झाली की टाळ थांबवून माझ्याकडे बघतो.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥