मर्सिडीज थांबते कशी?

हॉस्टेलच्या कोणत्याही विंगमध्ये जा, एखाद्या तरी कपाटाच्या दारावर मर्सिडीजचा फोटो चिकटवलेला सापडतोच. रात्री मेस सुटल्यावर त्या फोटोखाली चर्चा रंगते तीही ठरलेली. टॉप स्पीड किती, शून्य ते शंभर किती सेकंदांत, बीएमडब्ल्यू भारी की मर्सिडीज भारी. मेकॅनिकलवाले टॉर्क काढतात, कॉम्प्युटरवाले इंटरनेटवरून आकडे काढतात आणि सिव्हिलवाले म्हणतात, आधी रस्ते तर होऊ द्या! पण एवढ्या चर्चेत "ती थांबते कशी?" हा प्रश्न विचारलेला मी तरी ऐकला नाही. मित्रांनो, मला विचाराल तर या कंपनीचा खरा इतिहास ब्रेकमध्येच आहे. पळणाऱ्या गाड्या पुष्कळांनी बनवल्या.

सुरुवात एका बाईपासून होते. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीन चाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एक सिलिंडर, ९५४ सीसी आणि ताकद एका अश्वशक्तीपेक्षाही कमी! (आपली साधी स्कूटीसुद्धा याच्या कितीतरी पट.) गाडी झाली, पण विकत घ्यायला कोणी पुढे येईना. कार्ल हाडाचे इंजिनियर. आणखी सुधारणा, आणखी सुधारणा, करत बसलेले. त्यांच्या धंद्यात स्वतःच्या हुंड्याचे पैसे घातलेल्या बर्था बेंझ यांनी मग ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. रिचर्ड आणि ऑयगेन या दोन मुलांना बरोबर घेतलं आणि मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे आपल्या माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर.

वाटेत काय काय झालं ते वाचलं की वर्कशॉपचं आख्खं टर्म वर्क डोळ्यांसमोर येतं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. इग्निशनची वायर घासून उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा विस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचा डाग काढण्याचा द्रव विकत घेतला. म्हणून ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं मात्र पुढेच आहे. उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले. तेव्हा बर्थाबाईंनी एका चांभाराकडून त्या लाकडी ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. गॅरेजमध्ये आपण ज्याला "लायनर" म्हणतो, त्याचा हा मूळपुरुष! परत आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, हेही त्यांनीच नवऱ्याला सुचवलं. फील्ड टेस्ट रिपोर्ट यापेक्षा चांगला काय असतो?

नाव आणि चांदणी यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. गॉटलिब डायम्लर आणि विल्हेल्म मायबाख हे दुसरीकडे, कानश्टाटमध्ये, स्वतंत्रपणे इंजिनावर काम करत होते. त्यांच्या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक एमिल येलिनेक; त्यांच्या मुलीचं नाव मर्सिडीज. १९००–०१ साली मायबाख यांनी बनवलेल्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीला ते नाव मिळालं. लांब व्हीलबेस, खाली आणलेला गुरुत्वमध्य आणि मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर. "घोडा काढलेली घोडागाडी" हे मोटारीचं रूप इथे संपलं. १९२६ मध्ये डायम्लर आणि बेंझ या दोन कंपन्या एक झाल्या. चांदणीची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि हवा.

मधला एक काळ मात्र थोडक्यात उरकता येत नाही. नाझी राजवटीत या कंपनीने युद्धसामग्री बनवली आणि १९४४ साली तिच्या कामगारांपैकी जवळपास निम्मे सक्तीने आणलेले परदेशी नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी होते. कंपनीने पुढे हे स्वतःच मान्य केलं आहे. कपाटावरच्या फोटोत हे दिसत नाही.

आता १९५५. मर्सिडीजची ३०० एसएलआर ही शर्यतीची गाडी त्या वर्षी सगळ्यांना मागे टाकत होती. मे महिन्यात स्टर्लिंग मॉस यांनी इटलीतली हजार मैलांची मिले मिलिया शर्यत १० तास ७ मिनिटांत जिंकली होती. गाडीचं बाहेरचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, वजनाला हलकं. पण ब्रेक ड्रमचे! प्रतिस्पर्धी जॅग्वारकडे डिस्क ब्रेक होते. ड्रम तापला की त्याची पकड कमी होते, उष्णता बाहेर पडायला वाव कमी. ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी मर्सिडीजवाल्यांनी तोड काढली ती अशी : ड्रायव्हरच्या मागे एक मोठं झाकण, खटका ओढला की ते उभं राहणार आणि हवाच गाडीला अडवणार. विमानातली कल्पना, जमिनीवर.

११ जून १९५५ ची संध्याकाळ. जॅग्वारचे माइक हॉथॉर्न पिटमध्ये जाण्यासाठी ब्रेक लावतात. मागची ऑस्टिन-हीली त्यांना चुकवायला बाजूला वळते. तिच्या मागून प्रचंड वेगात आलेली पिएर लेवेघ यांची मर्सिडीज हीलीच्या उतरत्या पाठीवर चढते आणि प्रेक्षकांच्या बाजूला उडते. लेवेघ आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मॅग्नेशियम पेटलं ते विझेना. मध्यरात्रीनंतर स्टुटगार्टहून निरोप आला आणि आघाडीवर असलेली मर्सिडीज शर्यतीतून मागे घेण्यात आली. चौकशीत कोणाही एका ड्रायव्हरवर ठपका ठेवला गेला नाही; जुन्या, अरुंद ट्रॅककडे बोट दाखवलं गेलं. त्या हंगामातली दोन्ही मोठी अजिंक्यपदं जिंकून मर्सिडीजने वर्षअखेरीस शर्यती सोडल्या. सर्किटवर पुन्हा अधिकृतपणे उतरायला तिला तीसेक वर्षं लागली.

त्याच कंपनीत एक माणूस वेगळाच विचार करत होता. बेला बारेन्यी, व्हिएन्नाजवळ जन्मलेले, १९३९ पासून डायम्लर-बेंझमध्ये, नावावर अडीच हजारांहून जास्त पेटंट. तोपर्यंत सगळ्यांची समजूत अशी की गाडी जितकी कडक तितकी सुरक्षित. "जुन्या ॲम्बॅसेडरचा पत्रा बघा!" असं आपल्याकडचे काका-मामा अजूनही म्हणतात, तीच समजूत. बारेन्यींनी १९५१ मध्ये अर्ज केलेलं पेटंट याच्या नेमकं उलट आहे. मधली केबिन कडक ठेवा. पुढचा आणि मागचा भाग मात्र मुद्दाम असा करा की तो चुरगळला पाहिजे.

हे गणित फर्स्ट इयरच्या पोरालाही जमेल. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १३.९ मीटर. भिंतीवर आदळलेली गाडी समजा फक्त १० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर v²/2s प्रमाणे मंदन येतं जवळजवळ ९८ जी. तीच गाडी पुढचा भाग चुरगळत ६० सेंटिमीटरमध्ये थांबली तर १६ जी. वेग तोच, वस्तुमान तेच, भिंतही तीच; फक्त थांबायला अर्धा मीटर जास्त मिळाला. चुरगळलेला पत्रा म्हणजे एकदाच वापरता येणारा ब्रेकच की! १९५९ मध्ये आलेली मागे शेपटासारखे पंख असलेली डब्ल्यू १११ ही या तत्त्वावर बांधलेली पहिली मोटार. त्याच वर्षी झिंडेलफिंगेनमध्ये गाड्या मुद्दाम आदळून बघायला सुरुवात झाली. गाडीला हवा तो वेग द्यायला पुढे त्यांनी काय वापरलं असेल? गरम पाण्याच्या वाफेवर चालणारं रॉकेट. आपल्या फ्लुइड्सच्या लॅबमध्ये हा प्रयोग नाही याचं वाईट वाटतं.

पण या गणितात एक अट लपलेली आहे, आणि व्हायवाला मी तीच विचारीन. १६ जी कोणाला? केबिनला. आणि केबिनशी जो बांधलेला आहे त्याला. पट्टा न लावलेला माणूस केबिनचा भागच नसतो; गाडी थांबत असताना तो ५० च्याच वेगाने पुढे जात राहतो आणि समोर जे येईल त्यावर काही सेंटिमीटरमध्ये थांबतो. म्हणजे परत पहिलं उत्तर, ९८ जीच्या आसपासचं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, ती गाडी मर्सिडीजच होती. पुढे बसलेले दोघं जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, दोघंही गेले. आपण टॅक्सीत मागे बसलो की पट्टा सीटच्या फटीत ढकलून देतो, तो नेमका हाच पट्टा.

असो. पुढचा टप्पा एबीएस. जोरात ब्रेक मारला की चाक जाम होतं, टायर घसरू लागतो, आणि घसरत्या टायरची पकड फिरत्या टायरपेक्षा कमी असते. त्याहून वाईट म्हणजे जाम झालेलं पुढचं चाक वळवून गाडी वळत नाही. उपाय सोपा : चाक जाम होतंय असं दिसलं की दाब क्षणभर सोडायचा, पुन्हा धरायचा, सेकंदाला कित्येक वेळा. सांगायला सोपा! मर्सिडीजने १९७० मध्ये याचं प्रात्यक्षिक दाखवलं, पण तेव्हाचं ॲनालॉग सर्किट गाडीतले धक्के आणि उष्णता वर्षानुवर्षं सोसण्याइतकं भरवशाचं नव्हतं. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स येईपर्यंत थांबावं लागलं, आणि १९७८ मध्ये बॉशबरोबर तयार झालेली यंत्रणा एस-क्लासमध्ये आली. आठ वर्षं! प्रोजेक्ट डेमोला चालला म्हणजे झाला, असं समजणाऱ्या बी.ई.च्या ग्रुप्सनी ही दोन सालं वहीत लिहून ठेवावीत. (आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचं झालं ते २०१८–१९ मध्ये.)

एवढं सगळं केल्यावर कंपनीला जरा घमेंड आली असावी. १९९७ मध्ये ए-क्लास ही छोटी गाडी निघाली. तिची जमीन दुपदरी. समोरून धडक बसली तर इंजिन केबिनमध्ये न घुसता खाली सरकावं अशी योजना. अप्रतिम! पण त्यामुळे माणसं उंचावर बसली, गुरुत्वमध्य वर गेला. २१ ऑक्टोबर १९९७ रोजी एका स्वीडिश मासिकाच्या पत्रकाराने ती चाचणीला घेतली. रस्त्यात अचानक सांबरासारखा मोठा प्राणी आला तर डावीकडे वळून पुन्हा उजवीकडे यावं लागतं, तशी चाचणी. वेग ताशी साठेक किलोमीटर. मर्सिडीज उलटली. एका धडकेपासून वाचवायला जे केलं त्यानेच दुसरा धोका तयार झाला होता, आणि हे डिझाइनवाल्यांच्या नजरेतून सुटलं होतं.

कंपनीने आधी चाचणीलाच नावं ठेवली. मग शहाणपण आलं. विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं, आणि तोवर महागड्या गाड्यांपुरती असलेली ईएसपी यंत्रणा या सगळ्यात लहान गाडीत सरसकट बसवली. प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडीचं तोंड सरळ ठेवणारी ही यंत्रणा १९९५ मध्ये आली तेव्हा फक्त श्रीमंतांच्या कूपेत होती. १९९८ च्या फेब्रुवारीत ए-क्लासची विक्री पुन्हा सुरू झाली. माझ्या मते चांदणीची खरी किंमत या तीन-चार महिन्यांत दिसते, जाहिरातीत दिसत नाही.

बरं, एवढ्याने धडा पक्का झाला म्हणावं तर तसंही नाही. २००१ मध्ये त्यांनी एसएल गाडीत आणि पुढच्या वर्षी ई-क्लासमध्ये एसबीसी नावाचे ब्रेक आणले. पेडल दाबलं की सेन्सर ते वाचणार, कॉम्प्युटर ठरवणार आणि पंप प्रत्येक चाकाला हवा तेवढा दाब देणार. पायाचा आणि चाकाचा थेट संबंध फक्त आणीबाणीपुरता, तोही पुढच्या चाकांशीच. २००४ आणि २००५ मध्ये कंपनीला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २००६ मध्ये सुधारलेली ई-क्लास आली, तेव्हा तिच्या पेडलखाली पुन्हा नेहमीचाच मास्टर सिलिंडर होता : पायाने दाबायचं, तेल ढकललं जायचं, चाक थांबायचं.