अ‍ॅबसेन्स अपस्मार आणि प्रोजेस्टेरॉन : शामक द्रव्य वेगवर्धक कसे ठरते?

चरकसंहितेत अपस्माराचे वर्णन करताना स्मृति, बुद्धि व सत्त्व यांचा संप्लव, आवस्थिक तमःप्रवेश आणि बीभत्स चेष्टा यांचा एकत्र निर्देश आहे. लोकव्यवहारात ज्यास फेफरे किंवा आकडी म्हणतात, त्या रुग्णांत ही सर्व लक्षणे एकत्र आढळत असल्याने निदानाविषयी संदेह राहत नाही. परंतु अपस्माराचा एक प्रकार असा आहे की, ज्यात तमःप्रवेश असतो, वेगही आवस्थिक असतो. मात्र रुग्ण पडत नाही, दात खात नाही, तोंडास फेस येत नाही. बोलता बोलता मूल थांबते, नजर शून्यात लागते, पापण्या किंचित फडफडतात आणि काही क्षणांत अर्धवट राहिलेले वाक्य ते पूर्ण करते. मध्ये काय घडले हे त्यास ठाऊक नसते. आधुनिक वैद्यकात यास ‘अ‍ॅबसेन्स’ अपस्मार अशी संज्ञा आहे.

हा विकार बहुधा चार ते दहा वर्षे या वयात प्रकट होतो. एक वेग साधारणतः चार ते वीस सेकंदांचा असतो. परंतु दिवसातून असे दहा-वीस, क्वचित त्याहूनही अधिक वेग येतात. शाळेत शिक्षक ‘लक्ष नाही’ अशी तक्रार करतात आणि पालक मुलास मेधावर्धक औषध मागण्यासाठी आपल्याकडे आणतात. म्हणून हा विषय केवळ मज्जाविकारतज्ज्ञांचा आहे असे समजून सोडून देणे वैद्यवर्गास परवडणारे नाही.

या वेगाच्या काळात मेंदूच्या विद्युत्-आलेखात दोन्ही बाजूंस एकाच वेळी, सेकंदास सुमारे तीन या गतीने, टोकदार व मंद लहरींची जोडी उमटते. 1935 मध्ये अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनी या लहरी प्रथम नोंदविल्या. पुढे हा विकार सखोल अभ्यासण्यासाठी प्राण्यांतील प्रतिरूपाची आवश्यकता भासली आणि ते नेदरलँड्समधील नायमेखेन विद्यापीठात सापडले. गिलेस फान लॉइटेलार व आन्टोन कूनेन यांनी 1986 मध्ये ‘वॅग/राय’ या अंतःप्रजनित उंदरांच्या जातीत तशाच लहरी आपोआप उमटतात असे प्रसिद्ध केले. या उंदरांत लहरींची गती सेकंदास सात ते अकरा अशी अधिक असते; परंतु वेगाच्या वेळी निश्चल होणे, मिशा किंचित थरथरणे आणि मानवी रुग्णास लागू पडणाऱ्या औषधांस प्रतिसाद देणे, ही साम्ये ठळक आहेत. सहा महिन्यांच्या वयात जवळजवळ प्रत्येक उंदरात दिवसाकाठी शेकडो लहरीगट नोंदविले जातात. प्राणी पूर्ण सावध असताना किंवा गाढ निद्रेत ते कमी दिसतात. जागेपण शिथिल होऊन झापड येऊ लागते, त्या संधिकाळात ते अधिक येतात.

फान लॉइटेलार यांच्या कार्याचा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग संप्रेरकांसंबंधी आहे. पोलंडमधील संशोधकांच्या सहकार्याने त्यांनी 2001 मध्ये मादी उंदरांचे दीर्घकालीन आलेख प्रसिद्ध केले. प्रजननचक्राच्या ज्या अवस्थेत प्रोजेस्टेरॉनची पातळी वाढते, त्या अवस्थेत लहरींची संख्याही वाढलेली आढळली. बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिले असताही वाढ झाली. इस्ट्रॅडायॉलने झाली नाही. प्रोजेस्टेरॉनचे पेशीतील ग्राही रोखणारे द्रव्य सोबत दिले, तरी वाढ थांबली नाही. यावरून हे कार्य प्रोजेस्टेरॉनचे स्वतःचे नसून, त्यापासून शरीरात बनणाऱ्या अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन या द्रव्याचे आहे, असा निष्कर्ष निघाला.

येथे वाचकाने थोडे थांबावे. अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हे मेंदूतील गाबा या शामक संदेशवाहकाचे कार्य वाढविते. सर्वसाधारण आकडीत गाबा वाढविणे हिताचे असते. फेनोबार्बिटोन व डायझेपाम यांचा उपयोग याच तत्त्वावर आहे. मग तेच शमन येथे वेगवर्धक का ठरावे? याचे उत्तर थॅलॅमस व मेंदूचे बाह्यावरण यांच्यातील आवर्तनात आहे. थॅलॅमसच्या पेशींवर गाबाचा प्रभाव अधिक पडला की त्या प्रथम खोल शांत होतात. या शांततेमुळेच त्यांच्यातील टी-प्रकारचे कॅल्शियम-मार्ग उघडण्यास सिद्ध होतात आणि पुढच्या क्षणी पेशी एकदम स्फोटासारखी उत्तेजित होते. पुन्हा शमन, पुन्हा उत्तेजन. असे चक्र एका तालात फिरू लागते. एथोसक्सिमाइड हे औषध नेमके हेच कॅल्शियम-मार्ग रोखते.

यामुळे चिकित्सेत विलक्षण विरोधाभास निर्माण होतो. काही स्त्रियांत आकडीचे वेग मासिक पाळीच्या आसपास वाढतात. त्या काळात प्रोजेस्टेरॉन घसरलेले असते. अशा स्त्रियांना प्रोजेस्टेरॉन देऊन पाहणारी अमेरिकेतील मोठी चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण रुग्णांत लाभ सिद्ध झाला नाही. पाळीच्या दिवसांत वेग फार वाढणाऱ्या गटात मात्र तो दिसला. हे सर्व मेंदूच्या एका भागातून उद्भवणाऱ्या अपस्माराविषयी आहे. याउलट, प्रोजेस्टेरॉनने अ‍ॅबसेन्सचे वेग वाढल्याचे मानवी रुग्णवृत्त 1992 मध्येच प्रसिद्ध झाले होते. एकच द्रव्य एका अपस्मारात उपशय आणि दुसऱ्यात अनुपशय! पक्ष, बारा दिवस किंवा मास अशा अंतराने वेग येतात, हे चरकांनी नोंदविले आहेच. स्त्री-रुग्णात त्या कालनिर्देशास ऋतुचक्राची जोड देऊन पाहावे, असे मला वाटते. मात्र ‘हे सर्व आपल्या ग्रंथांत आधीच आहे’ अशी घाई करू नये. चरकोक्त पूर्वरूपांतील भ्रूव्युदास व अक्षिवैकृत यांचे पापण्यांच्या फडफडण्याशी साम्य जाणवते; परंतु साम्य म्हणजे ऐक्य नव्हे.

व्यवहारात याचा अर्थ स्पष्ट आहे. निद्राजनक ते सर्व अपस्मारघ्न, हे समीकरण या प्रकारात चालत नाही. तगराच्या युरोपीय भावंडातील, म्हणजे व्हॅलेरियन या वनस्पतीतील व्हॅलेरेनिक आम्ल गाबा-ए ग्राहींवर कार्य करते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणून अशा मुलांस तगरादि कल्प देताना अनुपशयाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. कार्बामाझेपिन व फेनिटॉइन यांनीही अ‍ॅबसेन्सचे वेग वाढू शकतात. ‘आकडीची गोळी’ म्हणून जुन्या चिठ्ठीवर ही औषधे पुनःपुन्हा देणाऱ्या औषधविक्रेत्याने हे ध्यानात ठेवावे. ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत फेनोबार्बिटोन मिसळल्याची प्रकरणे देशात उघडकीस आलेली आहेत. या विकारात ती भेसळ दुहेरी घातक होय.

निदानासाठी एक सोपे परीक्षण आहे. मुलास बसवून तीन मिनिटे दीर्घ व जलद श्वास घेण्यास सांगावे. लहान मुलाच्या हाती कागदी भिरभिरे देऊन फुंकत राहण्यास सांगितले तरी चालते. चिकित्सा सुरू न झालेल्या बहुसंख्य रुग्णांत या अवधीत वेग दिसतो. हृदय वा फुप्फुसाचा विकार असल्यास, तसेच सिकलसेल असल्यास हे परीक्षण करू नये. नंदुरबार, गडचिरोलीकडील वैद्यांनी ही चौकशी आधी करावी. वेग दिसल्यास विद्युत्-आलेखासाठी रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधाच्या निवडीविषयी 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला, 453 मुलांवरील अभ्यास प्रमाण मानला जातो. सोळा ते वीस आठवड्यांनंतर एथोसक्सिमाइड 53 टक्के, व्हॅल्प्रोएट 58 टक्के, तर लॅमोट्रिजिन 29 टक्के मुलांत यशस्वी ठरले. पहिल्या दोहोंत तात्त्विक फरक नव्हता. परंतु अवधानदोष व्हॅल्प्रोएटमध्ये अधिक आढळला. शिवाय गर्भावस्थेत व्हॅल्प्रोएट घेतल्यास दहापैकी सुमारे एका अपत्यात जन्मजात व्यंग संभवते. मुलगी वयात येऊ लागली की ही गोष्ट तिच्या पालकांस सांगितलीच पाहिजे. पंचगव्य घृतादि कल्प जोडीस देता येतील. त्यांच्या भरवशावर चालू गोळी अकस्मात बंद करू नये.

औषधालयांसाठी आणखी एक सूचना. गौरी-गणपतीच्या दिवसांत पाळी पुढे ढकलण्यासाठी मागितली जाणारी गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉनची असते. तिच्यापासून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन बनत नाही. म्हणून वरील निष्कर्ष तिला जसेच्या तसे लावू नयेत. गर्भधारणेसाठी दिल्या जाणाऱ्या नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलविषयी मात्र, स्त्रीस अ‍ॅबसेन्सचे वेग येत असल्यास किंवा पूर्वी आलेले असल्यास, चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांस ते आवर्जून कळवावे. वयात आलेल्या मुलीच्या वहीत वेगांच्या संख्येशेजारी पाळीची तारीख लिहावयास लावावी; तीन-चार महिन्यांची अशी नोंद तज्ज्ञाकडे जाताना सोबत असावी.