एक घर, अनेक संगणक व ज्याचें त्याचें टपाल

हल्लीं पुष्कळ घरांत दोन-तीन संगणक एकाच राऊटरला जोडलेले असतात आणि आई, वडील, मुलें यांचे ई-मेलचे पत्ते निरनिराळे असतात. यंत्रें एका जाळ्यांत आहेत, तेव्हां एकावर आलेलें पत्र दुसऱ्यावर आपोआप दिसेल, अशी अनेकांची समजूत आढळते. ती निराधार होय. राऊटर केवळ वाट दाखविणारा. पत्रांची पेटी त्याच्यापाशीं नसते. ती असते दूर, टपालसेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. तेथून पत्र घरीं कोणत्या रीतीनें आणावयाचें, यावर सर्व अवलंबून आहे.

या रीती मुख्यतः दोन. पहिली पॉप, तिचे नियम प्रथम १९८४ सालीं प्रसिद्ध झाले व पॉप-३ हें रूप १९८८ सालीं आलें. सर्व्हरवरील पत्रें उचलावीं, आपल्या यंत्रांत ठेवावीं आणि तिकडची पेटी रिकामी करावी, हा तिचा मूळ बेत. एक मनुष्य व एकच यंत्र असेल तेथें ही रीत उत्तम चालते. परंतु समजा, मुलीला महाविद्यालयाकडून प्रवेशाचें पत्र यावयाचें आहे आणि तिचें खातें वडिलांच्या संगणकावरही पॉपनें मांडलेलें आहे. वडिलांचा संगणक सकाळीं सुरू होतो, पत्र उचलतो व सर्व्हरवरून पुसतो. मुलगी आपल्या संगणकावर रोज पेटी उघडते, ती रिकामीच! पत्र घरांतच चार पावलांवर पडून आहे, पण शुल्क भरण्याची मुदत टळून जाते. ‘सर्व्हरवर प्रत ठेवावी’ अशी सूचना पॉपला देतां येते खरी. तथापि हा उपाय अर्धवट आहे. एका यंत्रावर वाचलेलें पत्र दुसऱ्यावर नवेंच दिसतें, आणि पाठविलेलें उत्तर ज्या यंत्रावरून गेलें तेथेंच राहतें.

दुसरी रीत आय्‌मॅप. ती मार्क क्रिस्पिन यांनीं १९८६ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत योजली. हींत मूळ पत्र सर्व्हरवरच राहतें व प्रत्येक यंत्र त्याच पेटींत डोकावतें. वाचल्याची खूण, कप्पे, पाठविलेलीं पत्रें, सर्व कांहीं सगळीकडे सारखेंच दिसतें. अनेक संगणकांच्या घरांत हीच रीत पत्करावी, असें माझें स्पष्ट मत आहे. एक गोष्ट मात्र ध्यानांत असूं द्यावी: येथें एका यंत्रावर पुसलेलें पत्र सर्वच यंत्रांवरून जातें.

आतां वेगळेपणाचा प्रश्न. एकाच प्रोग्रॅममध्यें घरांतील चौघांचीं खातीं ओळीनें मांडलीं, तर कोणीही कोणाचें पत्र उघडूं शकतो. यास्तव प्रत्येक संगणकावर ज्याच्या त्याच्या नांवाचा स्वतंत्र वापरकर्ता करावा, त्याला निराळा पासवर्ड द्यावा, आणि त्याचें आय्‌मॅप खातें तेथेंच मांडावें. मग तो घरांतील कोणत्याही संगणकावर बसला तरी त्याला आपलेंच टपाल मिळतें. विजेचें बिल, शाळेच्या सूचना वगैरेंसाठीं एक सामाईक पत्ता काढून तो तेवढा सर्वांकडे ठेवावा. लहान मुलाचा पासवर्ड आईवडिलांनीं आपल्यापाशीं ठेवण्यास हरकत नाहीं. मात्र तो त्यांच्यापाशीं आहे हें मुलाला ठाऊक असावें. चोरून वाचणें निराळें आणि सांगून पाहणें निराळें.

ज्यांचें टपाल आजवर पॉपनें येत होतें, त्यांनीं तें खातें घाईनें काढून टाकूं नये. जुनीं पत्रें त्या एकाच संगणकांत असण्याचा संभव आहे. प्रथम त्यांची एक प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. नंतर आय्‌मॅपचें खातें शेजारीं मांडून जुनीं पत्रें त्याच्या कप्प्यांत उचलून ठेवावीं, म्हणजे तीं सर्व्हरवर चढतात. सर्व्हरवर जागा पुरेशी आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. दुसऱ्या संगणकावर तीं पत्रें उघडून वाचतां आलीं, म्हणजेच जुनें खातें काढावें.